मुजावरचा हात

काच निळी व्हायला लागली तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि आम्ही तिघंही खुळ्यासारखे हसत होतो. चौगुले सर, अस्लम मुजावर आणि मी. प्रयोगशाळेच्या पश्चिमेकडच्या खिडकीत दोन फूट बाय दोन फुटांची ती काच आम्ही त्याच सकाळी बसवली होती. तिला वायर नव्हती, बटण नव्हतं, बॅटरी नव्हती. ऊन पडलं की त्या उन्हातूनच वीज घ्यायची आणि आपणहून गडद व्हायचं, ऊन उतरलं की पुन्हा पारदर्शक व्हायचं, एवढंच तिचं काम. त्या एवढ्याशा कामापायी अस्लमची साडेपाच वर्षं गेली होती आणि माझी तीन.

आधी कडा निळ्या झाल्या, मग रंग हळूहळू आत सरकला. सर घड्याळात बघून सेकंद मोजत होते. बाहेर मार्चचं रखरखीत कोल्हापूर होतं आणि आमच्या टेबलावर मात्र संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. अस्लम माझ्याकडं वळून म्हणाला की हे अण्णांना दाखवायला पाहिजे होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि मी आदल्याच दिवशी इस्लामपूरहून परत आले होते.

आणि मग काचेच्या जवळजवळ मधोमध एक जागा निळी व्हायची राहिली. आधी ती नुसताच फिकट डाग वाटली. आजूबाजूचा रंग जसा गडद होत गेला तशी त्या डागाला बोटं फुटली. पाच बोटं आणि खाली तळवा, डावा हात. करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून, बाहेरच्या अंगाला कललेली. कुणीतरी बाहेरून काचेला हात टेकून आत बघत उभं असावं, असं ते दिसत होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

सरांनी सेकंद मोजायचे थांबवले.

काय झालं असेल ते तिघांनाही त्याच क्षणी कळलं, कारण या कामात ही चूक एकाच तऱ्हेनं होते. त्या काचेवर आम्ही एका धातूच्या ऑक्साइडच्या काड्या उगवत होतो, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत हजारभर काड्या शेजारीशेजारी उभ्या राहतील. निळा होतो तो त्या काड्यांचा थर. पण त्या उगवण्याआधी काचेला उघडं बोट लागलं, तर बोटाच्या तेलावर त्या रुजत नाहीत. गंमत अशी की काच पारदर्शक असताना यातलं काहीच दिसत नाही. काच निळी झाली की मग तो हात वर येतो.

म्हणून आमच्याकडं दोन नियम होते. हातमोजे घातल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, हा पहिला. आणि काच धुऊन वाळली की तिच्यावर तोंडाची वाफ सोडून बघायची, हा दुसरा. कुठं बोट लागलं असेल तर वाफेत लगेच दिसतं, मग काच पुन्हा धुवायची. हा दुसरा नियम पुस्तकातला नव्हता, अस्लमनं आणलेला होता. त्याच्या वडिलांचं सांगलीत काचा-आरशांचं दुकान होतं आणि तो चालायला लागल्यापासून काचांत वावरलेला होता. काच नेहमी कडेनं धरायची, तिच्या अंगाला हात लावायचा नाही, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कॅन्टीनमधला चहाचा ग्लाससुद्धा तो दोन बोटांनी काठाला धरून उचलायचा. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

आठच दिवसांनी पुण्याच्या एका कंपनीची माणसं ही खिडकी बघायला येणार होती. एवढ्या मापाची, वीज वाहणाऱ्या थराची काच आमच्याकडं एकच होती आणि ती परदेशातून यायला पाच महिने लागले होते. अस्लमच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणजे ही काच. त्याची नोंदणी जूनमध्ये संपत होती आणि मुदतवाढ द्यायची की नाही ते सरांच्या सहीवर होतं.

सर वाईट माणूस नव्हते, पण तापट होते आणि त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत पाच वर्षांची माती झाली होती. ते काचेजवळ गेले, वळले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हा हात कुणाचा?"

मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. पंखा गरगरत होता. अस्लमनं एकदा काचेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"माझा, सर," तो म्हणाला.

मग सर जे बोलले ते सगळं इथं सांगण्यात अर्थ नाही. काचवाल्याच्या पोरानं काचेला हात लावावा, असं काहीतरी ते म्हणाले. बापाचं दुकान आहे ना, जा, तिथं बस, असंही म्हणाले. वाफ सोडून बघितलीस का, असं त्यांनी विचारलं आणि अस्लमनं नाही म्हणून सांगितलं. तो मान खाली घालून उभा नव्हता. तो सरळ उभा होता आणि त्याची नजर सरांवर नव्हती. मला वाटलं, अपमान झालेला माणूस कुठं बघणार, बघत असेल कुठंतरी.

मी खिशातून हात काढले नाहीत.

सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली नाही. अस्लम तीनदा त्यांच्या खोलीत जाऊन आला, चौथ्यांदा गेला नाही. एप्रिलच्या शेवटी त्यानं त्याचं कपाट रिकामं केलं, नोंदवह्या माझ्या टेबलावर ठेवल्या, त्यात कुठं काय आहे ते नीट समजावून सांगितलं आणि खाली स्कूटर चालू करून निघून गेला. कंपनीची माणसं ठरल्या दिवशीच येऊन गेली होती, त्यांना आम्ही हाताच्या तळव्याएवढे छोटे नमुने दाखवले आणि तेवढ्यावर ती खूश झाली. प्रकल्प मिळाला. तो सरांच्या आणि माझ्या नावावर मिळाला. पुढं शोधनिबंध छापून आला त्यात पहिलं नाव माझं होतं, अनुपमा शेटे.

काच मात्र सरांनी टाकू दिली नाही. ती त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यातल्या खिडकीत कायमची बसवून घेतली. हातमोजे कशासाठी असतात ते पुढच्या प्रत्येकाला कळू दे, असं ते म्हणाले.

भूत अमावस्येला येतं म्हणतात. आमचं ऊन पडलं की यायचं. दोन वर्षं मी त्या व्हरांड्यातून रोज ये-जा केली. पावणेतीनला काच निळी व्हायची आणि हात वर यायचा, पाचला ऊन उतरलं की तो विरून जायचा. त्याला बंद करायला बटण नव्हतं, आम्ही अभिमानानं तसंच केलं होतं. दुपारी मला ग्रंथालयात कामं निघायला लागली. पावसाळ्यात ढग असले की मला बरं वाटायचं, आणि ऑक्टोबर आला की मी पुन्हा ग्रंथालय गाठायचे. पीएचडी मिळाली, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं. नवऱ्यानं एकदा विचारलं की तू बसमध्ये खिडकीशी का बसत नाहीस. मी म्हटलं, ऊन लागतं. ते खोटं नव्हतं.

चौदा वर्षांनी चौगुले सर निवृत्त झाले आणि मला निरोप समारंभाला बोलावणं आलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. व्यासपीठावर सरांच्या उजव्या हाताला माझी खुर्ची होती, त्यांची सगळ्यात यशस्वी विद्यार्थिनी म्हणून. भाषणात सरांनी ती काचेची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत त्यातला राग निघून गेला होता आणि तिचा विनोद झाला होता. हातमोजे घाला रे बाबांनो, ते म्हणाले, नाहीतर तुमचाही मुजावर होईल. सभागृह हसलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून मीही हसले.

नंतर सानिका नावाची एक पीएचडी करणारी मुलगी मला प्रयोगशाळा दाखवायला वर घेऊन गेली. मला माहीत असलेली जागा ती मला उत्साहानं दाखवत होती. व्हरांड्यात आलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

"आणि हा मुजावरचा हात, मॅडम," ती म्हणाली.

काच तशीच होती, गर्द निळी. चौदा वर्षांत रंग जरासाही उतरला नव्हता. आणि मधोमध तो हात, परवाच उमटल्यासारखा. सानिका सांगत होती की तो मुजावर म्हणे फार निष्काळजी होता. त्याची करंगळी मोडकी होती, बघा, कळतंय काचेत. नवीन मुलं आली की सीनियर त्यांना घाबरवतात, मुजावरनं जीव दिला म्हणून सांगतात, संध्याकाळी एकटं थांबू नका म्हणतात. ती हसली आणि म्हणाली की खरं तर त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

माझी पर्स मी डाव्या हातात धरली होती. ती मी घट्ट धरली. फार छान काच आहे, असं म्हणून मी खाली आले. रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्यानं आरसा धुरकट झाला, तर तो पुसायला माझा हात उचलेना.

सकाळी उठून मी सांगलीला गेले. दुकान शोधावं लागलं नाही, गणपती पेठेच्या मागं विचारल्यावर पहिल्याच माणसानं दाखवलं. अस्लमचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. लाकडी फळीवर काच आडवी टाकून तो पट्टी लावून खुणा करत होता. मला ओळखायला त्याला अर्धं मिनिट लागलं, मग त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"बस की. उन्हातनं आलीस."

चहा आला. त्यानं वडील गेल्याचं सांगितलं, मुलगी फार्मसीला आहे ते सांगितलं. मी समारंभाचं सांगितलं. मग त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं की ती काच अजून निळी होते का. रोज होते, मी म्हटलं. रंग उतरलाय का, किती वेळ लागतो, कडेनं पाणी शिरलंय का, असं तो विचारत गेला आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर मान हलवत गेला. वीस हजार वेळा रंग बदलेल असं त्यानं नोंदवहीत लिहून ठेवलं होतं, सरांना ते पटलं नव्हतं. रोज एकदा म्हटलं तर पन्नास वर्षांच्या वर झाली, तो म्हणाला, आपण जाऊ पण ती राहील. त्याचा चेहरा त्या पावणेतीन वाजताच्या चेहऱ्यासारखा झाला होता.

तेव्हा मला ते आत ठेवणं अशक्य झालं. "अस्लम, तो हात माझा होता," मी म्हणाले.

काच मीच धुतली होती त्या सकाळी. धुऊन स्टँडवर उभी केली आणि खिशातला फोन वाजला म्हणून हातमोजे काढले. इस्लामपूरहून भावाचा फोन होता. अण्णा गेले, एवढंच तो म्हणाला. उजव्या हातात फोन होता, पायातलं बळ गेलं, आणि पडू नये म्हणून समोर जे होतं त्याला मी डावा हात टेकला. काही क्षणच. मग अस्लम आला, त्यानं मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं, एसटीत बसवून दिलं आणि परत जाऊन काच भट्टीत घातली. हात टेकल्याचं माझ्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं. सोळा दिवसांनी काच निळी झाली आणि करंगळी दिसली तेव्हा आठवलं. लहानपणी दारात सापडून मोडलेली माझी करंगळी. सरांनी विचारायच्या आधी मला आठवलं होतं.

अस्लमनं काच कापायची हिरकणी उचलली, पट्टीच्या कडेनं काचेवर एक सरळ रेघ ओढली. खालून टिचकी मारली, काच रेघेवर दुभंगली. त्याची दोन्ही हातांची बोटं सरळ होती.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "करंगळी बघितली न् मलाही कळलं."

"मग तुझा म्हणून का सांगितलंस?"

"तुझे अण्णा जाऊन सोळा दिवस झाले होते, अनुपमा. सरांनी तुला फाडून खाल्लं असतं. आणि तुला सोडून आल्यावर वाफ सोडून बघायची माझी राहिली, तेवढी चूक माझी होतीच." त्यानं काचेचा तुकडा कडेला धरून बाजूला उभा केला. "म्हटलं, आत्ता मी घेतो अंगावर. सर जरा थंड झाले की ही सांगंल, मग दोघं मिळून बोलणी खाऊ. मी सरांच्याकडं बघतच नव्हतो गं. तुझ्या खिशाकडं बघत होतो. आत्ता हात काढंल, मग काढंल."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि दुकानातल्या सगळ्या काचा थरथरल्या. मी रडत होते. तो मला थांब म्हणाला नाही.

"एप्रिलपर्यंत वाट बघितली," तो म्हणाला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "काल तिथं पोरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायला आलीस? मला ठाऊकच होतं."

हे तो रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो साधेपणानं म्हणाला, गिऱ्हाइकाला काचेचं चुकलेलं माप सांगावं तसं. मग त्यानं पुढची काच फळीवर घेतली, कारण एक माणूस आरशाचं विचारायला आला होता. मी ग्लास धुऊन ठेवला आणि निघाले.

कोल्हापूरला पोचले तेव्हा सव्वादोन वाजले होते. सानिकाला फोन करून मी तिला व्हरांड्यात बोलावलं, प्रयोगशाळेत असतील त्या सगळ्यांना घेऊन ये म्हटलं. सहा-सातजण आले. चौगुले सर खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरत होते, तेही दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं आणि मला सुरुवात करता येत नव्हती, म्हणून आम्ही नुसते उभे होतो. मुलांतली कुजबुज हळूहळू थांबली.

कडा निळ्या झाल्या. रंग आत सरकला. मधोमध तो फिकट डाग राहिला आणि त्याला बोटं फुटली.

मी पर्स खाली ठेवली आणि डावा हात त्या हातावर ठेवला. तळव्यावर तळवा बसला, बोटांवर बोटं. करंगळी बाहेर कलली तीही नेमकी तिच्या जागेवर. काच उन्हानं कोमट होती. माणसाच्या अंगाइतकी कोमट.

"हा माझा हात आहे," मी म्हणाले. "मुजावरांचा नाही."

सर माझ्या हाताकडं बघत राहिले, मग जमिनीकडं. मुलं एकमेकांकडं बघत होती. लहानपणापासून ऐकलेल्या भुताच्या गोष्टीतून कुणी भूतच काढून न्यावं, तसे त्यांचे चेहरे झाले होते. त्यातली सानिका पुढं आली.

"मग मॅडम," तिनं विचारलं, "मुजावर कोण?"

मला हे विचारलं जाईल असं सुचलंच नव्हतं. या इमारतीत त्याच्या नावावर तेवढा एक हात होता, आणि तोही मी आत्ता काढून घेतला होता. नोंदवह्या माझ्या झाल्या होत्या, निबंधात त्याचं नाव नव्हतं, कपाटावर दुसऱ्या कुणाची चिठ्ठी होती.

"ही काच ज्यानं केली, तो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, वाफेच्या नियमापासून वीस हजार वेळांपर्यंत. सांगताना हात काचेवरून काढायचं माझ्या ध्यानात आलं नाही. सानिकानं बगलेतली वही उघडली आणि पेन काढलं.

"पूर्ण नाव काय त्यांचं?"

"अस्लम दस्तगीर मुजावर. सांगलीला असतात."

तिनं ते लिहून घेतलं. ऊन उतरून काच पुन्हा पारदर्शक होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.